क्रूझवर जेवायचं कुठं, तिकिटात काय आणि जादा पैसे कशाचे: सांगली-मिरजेहून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आता आपल्या सांगली, मिरज, तासगाव, इस्लामपूर इकडची बरीच मंडळी क्रूझला जायला लागलीत, कुणी मुंबईहून गोवा-लक्षद्वीप करतंय, कुणी सिंगापूरला विमानानं जाऊन तिथून बोट धरतंय, आणि निघायच्या आधी मला जे फोन येतात त्यात निम्मे प्रश्न जेवणाचेच असतात. तिकिटात जेवण आहे म्हणतात मग रेस्टॉरंटचे वेगळे पैसे कशाला, सासूबाईंना कांदा-लसूण चालत नाही त्यांचं काय, डबा बांधून घेऊ का. आम्ही दोन्हीकडून जाऊन आलोय, सोबत वयस्कर माणसं पण होती आणि पोरं पण, त्यामुळं सगळं एकदाच लिहून ठेवते म्हणजे तुमची धांदल होणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. तिकिटात जे जेवण येतं तेवढ्यावर घरातली सगळी माणसं अख्खी ट्रिप पोटभर आणि चांगलं जेवू शकतात. फक्त आपलं खाणं काय आहे ते वेळेत सांगावं लागतं. पैसे देऊन खायची रेस्टॉरंट हौसेसाठी आहेत, आणि हौस जरूर करा, पण आपल्या ताटात तिथं काय पडणार हे बघून करा.

१. बुकिंग करतानाच खाण्याचं लिहून द्या

हे सगळ्यात आधी, पैसे भरायच्या वेळीच. बहुतेक कंपन्यांच्या फॉर्ममध्ये किंवा अ‍ॅपमध्ये खाण्याच्या गरजेचा रकाना असतो, व्हेज, जैन, ग्लूटेन-फ्री, ॲलर्जी, डायबेटिस वगैरे. एजंटकडून बुकिंग करत असाल तर त्याला नुसतं तोंडी सांगून सोडू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर लेखी टाका आणि बुकिंगच्या कागदावर ते चढलंय का ते स्वतः वाचून बघा. एजंट "हो हो सगळं मिळतंय तिथं" म्हणतो आणि विसरतो, असं आमच्या ओळखीत झालेलं आहे.

घरातल्या प्रत्येकाचं वेगळं लिहा. एकाच कुटुंबात सासरे शाकाहारी, सासूबाई जैन, नवरा सगळं खाणारा आणि पोराला शेंगदाण्याची ॲलर्जी असं असू शकतं, आणि बोटीवाल्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. ॲलर्जी खरंच गंभीर असेल तर डॉक्टरांची इंग्रजीत चिठ्ठी घ्या.

मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीच्या एम्प्रेस जहाजावर प्रवासी बहुतेक भारतीयच, त्यामुळं व्हेज आणि जैन दोन्ही जेवण सहज मिळतं. सिंगापूरहून सुटणाऱ्या गेंटिंग ड्रीम जहाजावर पण भारतीय प्रवासी भरपूर असतात आणि तिथंही शाकाहारी-जैन जेवणाची सोय असते. रॉयल कॅरिबियनसारख्या मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या जहाजांवर मुख्य डायनिंग हॉलच्या मेनूत एखादी भारतीय शाकाहारी डिश बहुधा असते, पण जैन पाहिजे असेल तर आधी कळवणं आणि चढल्यावर परत सांगणं, दोन्ही करावंच लागतं.

२. तिकिटात काय, पैसे कशाचे

साधारण सगळीकडे असं असतं. तिकिटात येतं ते म्हणजे मोठा बुफे, मेन डायनिंग रूम म्हणजे टेबलावर वाढणारं मोठं रेस्टॉरंट, बऱ्याच जहाजांवर पिझ्झा, सँडविच, आइस्क्रीमचे छोटे काउंटर, आणि बुफेतलं साधं पाणी, चहा, साधी कॉफी, लिंबू सरबत.

पैसे लागतात ते स्पेशालिटी रेस्टॉरंटला म्हणजे स्टेकहाउस, जपानी सुशी, तेप्पानयाकी (समोर तव्यावर करून देणारं जपानी जेवण), इटालियन वगैरे. मग दारू, कोल्ड्रिंकचे कॅन, बाटलीबंद पाणी, ताजा ज्यूस, मशीनची एस्प्रेसो-कॅपुचिनो, केबिनमधल्या मिनीबारच्या वस्तू, आणि काही जहाजांवर केबिनमध्ये मागवलेलं जेवण पण.

इथं एक फसगत फार जणांची होते. तिकिटातल्याच मेन डायनिंगमध्ये बसलात तरी मेनूच्या तळाशी एखादा महागडा पदार्थ वेगळ्या किमतीसकट छापलेला असू शकतो. ज्या पदार्थासमोर आकडा आहे त्याचे पैसे पडणार, आकडा नाही तो तिकिटात, एवढं बघितलं की झालं. आणि केबिनमध्ये टेबलावर मांडून ठेवलेली पाण्याची बाटली स्वागताची आहे असं धरून फोडू नका, आधी तिच्या गळ्यातली चिठ्ठी वाचा.

३. सोबत काय घ्यायचं आणि डब्याचं काय

जेवणाच्या दृष्टीनं हे जवळ असू द्या:

- बुकिंग कन्फर्मेशनची प्रिंट, त्यात खाण्याची नोंद आणि डिनरची वेळ दिसली पाहिजे
- परदेशी बोट असेल तर पासपोर्ट-व्हिसा, देशातल्या बोटीला सरकारी फोटो ओळखपत्र
- इंटरनॅशनल व्यवहार चालू केलेलं क्रेडिट कार्ड
- स्पेशालिटीचं आधी बुकिंग केलं असेल तर त्याची पावती
- ॲलर्जीची डॉक्टरांची चिठ्ठी
- कंपनीचं अ‍ॅप, घरच्या वायफायवर डाउनलोड करून लॉगिन करून ठेवलेलं

आता डबा. घरी केलेलं जेवण, म्हणजे भाकरी-पिठलं, चपात्या, डब्यातली आमटी, हे बहुतेक कंपन्या आत नेऊ देत नाहीत, स्वच्छतेचे नियम कडक असतात. दुकानातलं सीलबंद, न नासणारं खाणं बहुधा चालतं. भडंगाचं कारखान्यातलं बंद पाकीट, राजगिऱ्याचे लाडू, बेदाणे, शेंगदाण्याची चटणी सीलबंद पाकिटात, चहाच्या प्रीमिक्सच्या पुड्या. आलेपाकाच्या वड्या पण नक्की घ्या, बोट डोलायला लागली की उपयोगी पडतात. इलेक्ट्रिक किटली, पाणी तापवायचा रॉड, छोटा राइस कुकर बॅगेत घालू नका, आगीच्या भीतीनं हे सगळीकडे बंद आहे आणि स्कॅनमध्ये काढून घेतात. गरम पाणी बुफेत मिळतं, प्रीमिक्स तिथंच कपात टाकायचं.

चतुर्थी-एकादशी मधे येत असेल तर घाबरायचं कारण नाही, फळं, दूध, दही बुफेत असतं, उकडलेला बटाटा सांगितला तर मिळतो, बाकी राजगिऱ्याचे लाडू आहेतच.

४. पहिला दिवस: चढल्या चढल्या काय करायचं

मुंबईहून जाणाऱ्यांसाठी रात्रीची महालक्ष्मी सगळ्यात सोयीची, सकाळी सीएसएमटीला उतरलं की बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल टॅक्सीनं अगदी जवळ आहे. चेक-इनची वेळ तिकिटावर असते ती पाळा, आणि सकाळी स्टेशनजवळ हलकाच नाश्ता करा कारण दुपारचं जेवण बहुतेक वेळा बोटीवर तिकिटातच असतं.

चढल्यावर सगळी गर्दी बुफेवर तुटून पडते, हातात बॅगा, पोरं रडतायत, टेबल मिळत नाही. केबिन पण लगेच ताब्यात मिळत नाही, दुपार होते. काही जहाजांवर पहिल्या दिवशी दुपारी मेन डायनिंगसुद्धा उघडं असतं आणि तिथं शांतता असते, तर चढतानाच दारावरच्या माणसाला विचारा की दुपारी बुफेशिवाय कुठं जेवता येईल.

जेवून झाल्यावर झोपायला जाऊ नका. मेन डायनिंगच्या दारात जो प्रमुख असतो, मेत्र डी म्हणतात त्याला, तो बऱ्याच जहाजांवर पहिल्या दुपारी तासभर नुसता अशाच विनंत्या ऐकायला बसतो. टेबल बदलून पाहिजे, वेळ बदलून पाहिजे, जैन जेवण पाहिजे, व्हीलचेअर आहे म्हणून दाराजवळची जागा पाहिजे, सगळं त्याच तासात होतं, रात्री आठ वाजता दारात रांग लागल्यावर होत नाही.

५. मेन डायनिंग रूम: इथंच खरं जेवण आहे

आपली माणसं बुफेवरच अडकून राहतात, कारण तिथं इंग्रजीत बोलावं लागत नाही. मला हे मनापासून वाईट वाटतं. तिकिटातलं सगळ्यात चांगलं जेवण डायनिंग रूममध्ये असतं, गरम, ताजं, टेबलावर आणून वाढलेलं, आणि वाढणारी माणसं फार प्रेमानं वागतात.

वेळेचे दोन प्रकार असतात. ठरलेल्या वेळेत रोज तेच टेबल आणि तेच वेटर मिळतात, पहिली पंगत साधारण साडेपाच-सहाची आणि दुसरी आठ-साडेआठची. दुसरा प्रकार सवडीनं कधीही या, पण मग टेबल आणि वेटर रोज बदलू शकतात. शाकाहारी, जैन किंवा ॲलर्जी असलेल्यांनी डोळे झाकून ठरलेली वेळ घ्यावी. रोज तोच वेटर म्हटल्यावर एकदा सांगितलं की पुरतं.

आमच्या सासूबाईंसाठी हे कसं चाललं ते सांगते. पहिल्या रात्री हेड वेटरला आम्ही सांगितलं की यांना कांदा नको, लसूण नको, बटाटा-गाजर-मुळा म्हणजे जमिनीखालचं काहीच नको, अंडं नको, आणि सूर्यास्ताआधी जेवायचंय. त्यानं खिशातून छोटी वही काढून टेबलाचा नंबर आणि एकेक गोष्ट लिहून घेतली, परत वाचून दाखवली. रात्री उठायच्या आधी तो दुसऱ्या दिवसाचा मेनू घेऊन आला, त्यांच्या शेजारी वाकून एकेक ओळ दाखवली, यातलं हे होईल, हे होणार नाही, त्याऐवजी डाळ, भात, दुधी किंवा कोबीची भाजी करून देतो, पोळी पाहिजे का. सासूबाई मराठीत बोलत होत्या, तो गोवा-कोकणाकडचा निघाला, निम्मं त्याला कळत होतं. जहाजांवर गोव्याची, मुंबईची मुलं खूप असतात, तर बिनधास्त हिंदीत विचारून बघा.

जैन मंडळींनी सूर्यास्ताचा हिशोब आधी करा. सिंगापूरकडे वर्षभर सूर्य सातच्या सुमारास मावळतो म्हणून सहाची पंगत जमते. मुंबई-गोव्याकडे डिसेंबरात सहाच्या आसपासच मावळतो, मग संध्याकाळी पाचला जेवण कुठल्या काउंटरवर मिळेल ते पहिल्या दिवशीच विचारून ठेवावं लागतं. आणि घड्याळ जहाजाचं धरा, फोन कुठल्या तरी देशाचं नेटवर्क पकडून वेळ बदलतो आणि पंगत चुकते.

मेनूत स्टार्टर, मेन आणि गोड असे तीन भाग असतात, आणि प्रत्येकातून एकच घ्यायचं असा काही नियम नाही. दोन सूप मागा, मुख्य पदार्थ आवडला नाही तर बदलून मागा, पोराला नुसता पास्ता मागा, त्याचे सहसा पैसे लागत नाहीत. फक्त टाकू नका, थोडं मागून बघा.

कपड्यांचं म्हणाल तर रात्री हाफ पँट, बनियन, पोहण्याचे कपडे सहसा चालत नाहीत. फॉर्मल नाइट म्हणजे नटूनथटून जेवायला यायची रात्र असली की सूट विकत घ्यायला पळू नका. काठापदराची साडी किंवा कुर्ता-पायजमा-जाकीट पुरेसं आहे, उलट सगळे फोटो मागतात.

६. "व्हेज" म्हणजे काय ते नीट सांगा

परदेशी बोटीवर व्हेजिटेरियन म्हटलं की त्यात अंडं धरलेलं असतं, आणि काही पदार्थ दिसायला शाकाहारी असून नसतात. ही यादी तोंडपाठ करा:

- भाज्यांच्या सूपमध्ये चिकनचा किंवा मटणाचा स्टॉक असू शकतो
- सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाची छोटी मासळी असते
- नूडल्स, फ्राइड राइसमध्ये फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस असतो, सिंगापूर-मलेशियाकडे सुक्या कोळंबीची पेस्ट पण
- जेली, मूस, काही चीजकेक, मार्शमॅलो यात जिलेटिन, म्हणजे प्राण्यांपासून काढलेलं
- केक, पेस्ट्री, ताज्या पास्त्यात अंडं

"नो मीट, नो फिश, नो चिकन, नो एग, मिल्क इज ओके" असं एका दमात सांगा, सगळीकडे समजतं. नुसतं "नो मीट" म्हणालात तर समोर मासा येऊ शकतो.

७. बुफे

ताट घेऊन लगेच रांगेत उभं राहू नका, आधी रिकाम्या हातानं पूर्ण एक चक्कर मारा. भारतीय काउंटर बऱ्याचदा अगदी टोकाला असतो आणि तिथं पोचेपर्यंत ताट पावानं भरलेलं असतं. पदार्थासमोरची पाटी वाचा, आणि व्हेजचा चमचा दुसऱ्या भांड्यात पडलेला दिसला तर वाढणाऱ्याला सांगून बदलून घ्या.

आत जाताना हात साबणानं धुवा. जहाजावर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस झपाट्यानं पसरतो आणि सॅनिटायझरनं तो नीट मरत नाही, साबण-पाणीच लागतं. पाण्याची बाटली थेट नळाला लावून भरू नका, ग्लासात घेऊन बाटलीत ओता. बोट जास्त हलत असेल तर वरच्या डेकवरचा बुफे सोडा आणि खालच्या, मधल्या भागात बसा, तिथं डोलणं कमी जाणवतं.

८. पैसे देऊन खायची रेस्टॉरंट: घ्यायची का, आणि कशी

बोटीवर वेगळे पैसे घेऊन खास जेवण द्यायची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०५ मध्ये अमेरिका नावाच्या जर्मन जहाजावर रिट्झ-कार्लटन नावाचं असं रेस्टॉरंट होतं आणि १९१२ च्या टायटॅनिकवरही पहिल्या वर्गासाठी एक होतं. आता सगळ्याच मोठ्या जहाजांवर असतात.

दर दोन प्रकारे लावतात. कव्हर चार्ज म्हणजे माणशी ठरलेली रक्कम आणि मेनूतलं पाहिजे ते, किंवा पदार्थाप्रमाणे वेगळं बिल. त्यावर सर्व्हिस चार्ज असतो, रॉयल कॅरिबियनवर १८ टक्के, नॉर्वेजियन कंपनीच्या जहाजांवर २० टक्के, तो किमतीत धरलाय का वर लागणार हे विचारून घ्या.

माझं स्पष्ट मत असं. तुम्ही शाकाहारी असाल तर स्टेकहाउसला पैसे घालू नका, तिथं तुमच्या वाट्याला मश्रूम, उकडलेल्या भाज्या आणि बटाटा येणार आणि पैसे मटण खाणाऱ्याएवढेच पडणार. इटालियन चांगलं, तिथं पोटभर व्हेज असतं. एम्प्रेसवरच्या चॉपस्टिक्ससारख्या आशियाई रेस्टॉरंटमध्ये पण व्हेज मिळतं, सॉस तेवढे विचारा. तेप्पानयाकीत आचारी समोर तव्यावर करून दाखवतो, पोरं खूश होतात, पण तवा एकच असतो, त्याच तव्यावर मांस आणि त्यावरच तुमची भाजी, हे चालतंय का ते घरात आधी विचारा. मासे-मटण आवडीनं खाणाऱ्यांनी मात्र एक रात्र स्टेकहाउस किंवा सीफूडची जरूर घ्यावी, मासळी-मांस खरोखर वरच्या दर्जाचं असतं आणि बसायला निवांत मिळतं.

पैसे वाचवायचे काही मार्ग:

- बोटीवर चढण्याआधी अ‍ॅपवर दर बहुधा कमी असतो. बुक करून ठेवा, नंतर दर उतरला तर रद्द करून परत घ्या, पण आधी रद्द करायचे नियम वाचा.
- पूर्ण दिवस समुद्रात असतो त्या दिवशी दुपारी उघडी असतील तर तेच जेवण डिनरपेक्षा स्वस्त पडतं.
- पहिल्या रात्री गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा सूट देतात.
- अमर्याद जेवणाचं पॅकेज तीन-चार रात्रींच्या ट्रिपला सहसा परवडत नाही.

बुक करून गेला नाहीत तर पैसे कापतात. बऱ्याच ठिकाणी एक दिवस आधी रद्द करावं लागतं. आणि वेळ बोटीवरच्या करमणुकीच्या शोच्या तिकिटाशी जुळवून बघा, तिथलं जेवण दोन तास सहज चालतं, मधेच उठून शोला पळायची वेळ येते. पोरांना बऱ्याच कंपन्यांत सवलत असते, वयाची अट विचारा.

९. कार्ड आणि बिल

बोटीवर रोख चालत नाही, केबिनचं कार्ड दाखवायचं आणि सगळं खात्यावर चढतं. खात्याला क्रेडिट कार्ड जोडा. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड जोडलं की रोज थोडी रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला काही दिवस जातात, पुढच्या प्रवासात हात बांधले जातात. परदेशी कंपनीत माणशी रोजची टिप वेगळी लागते, साधारण १६ ते २० डॉलर, त्यात मेन डायनिंगचे वेटर आलेच, त्यांना परत द्यायची सक्ती नाही.

पोरांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालायला सांगा. नाहीतर ती मिल्कशेक मागतात, कार्ड पुढे करतात आणि सही पण करतात. बिल रोज रात्री अ‍ॅपवर किंवा टीव्हीवर बघा. न घेतलेली पाण्याची बाटली चढलेली दिसली तर त्याच दिवशी रिसेप्शनच्या काउंटरला सांगितलं की पाच मिनिटांत निघते. शेवटच्या सकाळी तिथं भलीमोठी रांग असते. आणि फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, अ‍ॅपवर मेनू आणि बुकिंग बघायला बऱ्याच जहाजांचं वायफाय फुकट चालतं, पण समुद्रातलं मोबाइल नेटवर्क पकडलं तर बिल भयंकर येतं.

१०. उतरायचा दिवस

मोठ्या बॅगा बऱ्याच जहाजांवर आदल्या रात्री दाराबाहेर ठेवायच्या असतात, तर औषधं, पोराचं खाणं आणि सकाळचे कपडे हातातल्या पिशवीत काढून ठेवा. शेवटचा नाश्ता लवकर सुरू होऊन लवकर संपतो, मेन डायनिंग उघडं असेल तर तिथंच करा. बुफेतली फळं, सँडविच पिशवीत घालून उतरू नका, बऱ्याच देशांत ते आत नेता येत नाही आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला तर जबर दंड आहे.

मुंबईला उतरणाऱ्यांनी परतीला सकाळच्या कोयनेचं तिकीट काढू नका, ती गाठणं होत नाही, रात्रीची महालक्ष्मी धरा. दुपारचं जेवण तिकिटात नसतं, ते मुंबईत बाहेरच करायचं आहे एवढं हिशोबात धरा.